एकमेकांवर अवलंबून असलेले व्हीएम बंद-चालू करायचेत? आधी क्रम लिहून काढा

एकटादुकटा व्हीएम, म्हणजे खऱ्या मशीनवर सॉफ्टवेअरनं उभा केलेला व्हर्च्युअल संगणक, बंद करून परत चालू करण्यात काही विशेष नाही, शटडाऊन दाबा, काम उरका, स्टार्ट दाबा, झालं. पण दहा-पंधरा व्हीएम एकमेकांच्या जिवावर चालत असले, म्हणजे वेबला ॲप लागतं, ॲपला डेटाबेस आणि मेसेज क्यू (कामांचे निरोप रांगेत ठेवणारी) लागते, डेटाबेसला स्टोरेज लागतं आणि वर ह्या सगळ्यांना नावं शोधायला डीएनएस आणि लॉगिनला डोमेन कंट्रोलर लागतो, की मग कोण आधी जाणार आणि कोण आधी येणार ह्यावरच सगळं अवलंबून असतं. क्रम चुकला की लगेच धाडकन काही पडतं असंही नाही, आणि त्यामुळेच हे जास्त धोक्याचं आहे. कन्सोलवर सगळे व्हीएम हिरवे दिसतात, आणि आत मात्र ॲप डेटाबेसची वाट बघून कधीच बंद पडलेलं असतं, किंवा नेटवर्कवरचा शेअर माउंट झालेला, म्हणजे फोल्डरला जोडला गेलेला, नसतो आणि ॲप त्या रिकाम्या फोल्डरमध्येच नव्या फायली लिहीत सुटलेलं असतं, जे दोन दिवसांनी कुणाच्यातरी लक्षात येतं.

नियम तसा एका ओळीत सांगता येतो. बंद करताना ज्याच्यावर दुसरं कुणीच अवलंबून नाही तो आधी बंद करायचा आणि तसं खाली खाली जायचं, चालू करताना बरोबर उलटं, सगळ्यात खालचा आधी. आणि चालू करताना खालचा थर काम करतोय हे स्वतः तपासल्याशिवाय वरच्याला हात लावायचा नाही. कमांड कोणालाही सापडतात, खरी मेहनत आहे ती कोण कोणावर अवलंबून आहे हे शोधण्यात, म्हणून त्याबद्दलच जरा जास्त लिहितो.

कोण कोणावर अवलंबून आहे ते शोधा

हे डोक्यातून लिहायला बसू नका. डोक्यात जे असतं ते सेटअप केला तेव्हाचं असतं, त्यानंतर कोणीतरी रिपोर्टिंगसाठी एक कनेक्शन जोडलेलं असतं, कोणीतरी हातानं होस्ट्स फाईलमध्ये ओळ टाकलेली असते. प्रत्येक व्हीएमवर जाऊन चालू कनेक्शन बघा, लिनक्सवर एसएस, विंडोजवर नेटस्टॅट, कुठून कुठे आणि कुठल्या पोर्टवर जातंय ते टिपून घ्या. मग एफएसटॅब ही लिनक्सची माउंटची यादी बघा, नेटवर्कवरून काय काय माउंट होतंय ते तिथे कळतं. ॲपच्या कॉन्फिग फायली उघडा आणि त्यात जेवढे आयपी आणि होस्टनेम आहेत तेवढे वेगळे काढा. शेड्यूल्ड कामं विसरू नका, महिन्यातून एकदा चालणारं क्रॉनचं काम आज कनेक्शनच्या यादीत दिसणार नाही पण अवलंबून ते आहेच.

मग प्रत्येक व्हीएमपुढे दोन गोष्टी लिहा, एक म्हणजे चालू व्हायला काय लागतं आणि दुसरं म्हणजे चालू राहायला काय लागतं. ह्या दोन्ही वेगळ्या असतात आणि पहिली जास्त फसवते. बरीच ॲप्स पासवर्ड किंवा सर्टिफिकेट फक्त स्टार्टला एकदा मागून घेतात, मग महिनोन्महिने ते देणाऱ्या सीक्रेट सर्व्हरकडे बघतही नाहीत, म्हणजे चालू कनेक्शन बघून हे अजिबात कळत नाही. आणि तो सीक्रेट सर्व्हर व्हॉल्ट असेल तर अजून एक गोष्ट, तो रीस्टार्ट झाला की सील्ड, म्हणजे कुलूपबंद, अवस्थेत उठतो, ऑटो-अनसील लावलेलं नसेल तर किल्ल्या टाकाव्या लागतात, डीफॉल्ट सेटअपमध्ये ५ पैकी ३. आता त्या किल्ल्या ज्यांच्याकडे आहेत ती माणसं त्या वेळी फोनवर असायला हवीत, तर ती माणसंसुद्धा तुमच्या यादीतच धरा.

आता ह्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, गोल फिरणारी अवलंबनं. हायपरव्हायजरला, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, लॉगिन ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून (डोमेन कंट्रोलरवरच्या खात्यांच्या यादीतून) होतं आणि ती ॲक्टिव्ह डिरेक्टरी त्याच हायपरव्हायजरवर व्हीएम म्हणून आहे. व्हीसेंटरला, म्हणजे व्हीएमवेअरचे सगळे होस्ट (व्हीएम चालवणारी खरी मशीन) सांभाळणाऱ्या सर्व्हरला, होस्ट शोधायला डीएनएस लागतं आणि डीएनएसचा व्हीएम चालू करायला तुम्ही व्हीसेंटर उघडताय. स्टोरेज नावानं जोडलेलं आहे, आयपीनं नाही, आणि नाव सांगणारा सर्व्हर त्याच स्टोरेजवर ठेवलाय. पासवर्ड मॅनेजर, रनबुक (काय कसं करायचं त्याच्या लेखी पायऱ्या) ठेवलेली विकी, व्हीपीएनचा गेटवे, हे सगळंही आतच. सगळं चालू असतं तोवर हे गोल दिसतच नाहीत, एकदा सगळं बंद केलं की पहिलं पाऊल कुठे टाकायचं तेच कळत नाही.

मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप सगळं एकदम गेलं तेव्हा नेटवर्कबरोबर त्यांचं डीएनएससुद्धा पोचेनासं झालं आणि दुरुस्तीला जी आतली टूल्स वापरायची तीही त्याच्यावरच चालत होती, इंजिनियरना प्रत्यक्ष डेटा सेंटरला जावं लागलं आणि एकूण सहा तासांच्या आसपास गेले. त्याच्या आधी २८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनच्या एस-थ्री मध्ये एका चुकीच्या कमांडमुळे अपेक्षेपेक्षा जास्त सर्व्हर काढले गेले, आणि ज्या दोन सबसिस्टिम पूर्ण रीस्टार्ट कराव्या लागल्या त्या मोठ्या रीजनमध्ये कित्येक वर्षं पूर्ण रीस्टार्टच झालेल्या नव्हत्या म्हणून अंदाजापेक्षा खूप वेळ लागला. शिवाय लोकांना परिस्थिती सांगणारा स्टेटस डॅशबोर्डही एस-थ्रीवरच अवलंबून होता, तोही अपडेट करता येईना. एवढी माणसं आणि एवढा पैसा असून हे होतं तर आपल्याकडे नसेल असं धरूच नका.

तोडगा साधाच आहे पण आधी करून ठेवावा लागतो. प्रत्येक हायपरव्हायजरवर एक लोकल रूट खातं आणि त्याचा पासवर्ड व्हीएमच्या बाहेर, कागदावर पाकिटात ठेवलात तरी चालेल. हायपरव्हायजर, स्टोरेज आणि स्विचच्या मॅनेजमेंटचे आयपी स्टॅटिक, आपोआप पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीवर नाही, आणि ते आयपीही छापून ठेवा. व्हीसेंटरचा व्हीएम आणि पहिला डोमेन कंट्रोलर नक्की कुठल्या होस्टवर आहे हे बंद करायच्या आधी लिहून घ्या, व्हीएम आपोआप होस्टांवर वाटणारं डीआरएस असेल तर ते तेवढ्यापुरतं मॅन्युअलवर ठेवा नाहीतर शेवटच्या क्षणी व्हीएम दुसरीकडे सरकतो, आणि मग एकेका ईएसएक्सआय (व्हीएमवेअरचा हायपरव्हायजर) होस्टवर थेट लॉगिन करून शोधत बसावं लागतं. जमत असेल तर एक डोमेन कंट्रोलर किंवा निदान एक डीएनएस सर्व्हर ह्या क्लस्टरच्या, म्हणजे एकत्र जोडलेल्या होस्टांच्या गटाच्या, पूर्ण बाहेर ठेवा. ह्या एका गोष्टीनं निम्मी डोकेदुखी जाते असं माझं स्पष्ट मत आहे.

बंद करायच्या आधीच्या दिवशी

जो सर्व्हर वर्षभर रीबूट झालेला नाही तो रीबूटनंतर तसाच उठेल ह्याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. कोणीतरी सर्व्हिस हातानं चालू केलेली असते पण इनेबल केलेली नसते, फायरवॉलचा नियम नुसता मेमरीत असतो, कर्नलचं सेटिंग फाईलमध्ये लिहिलेलंच नसतं, व्हर्च्युअल राउटरवरचं चालू कॉन्फिग सेव्ह केलेलं नसतं. म्हणून आदल्या दिवशी चालू असलेल्या सर्व्हिसची यादी आणि इनेबल असलेल्या सर्व्हिसची यादी शेजारी शेजारी ठेवून ताडून बघा, जी पहिलीत आहे आणि दुसरीत नाही ती उद्या उठणार नाहीये. एफएसटॅबमध्ये चूक असेल तर लिनक्स थेट इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं, फाइंडएमएनटीला व्हेरिफाय पर्याय देऊन चालवलं की अशा चुका आधीच सापडतात. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर बूटला पासफ्रेज मागणार, ती कोणाकडे आहे? सर्टिफिकेट संपत आलेत का? विंडोज सर्व्हरवर अपडेट इन्स्टॉल होऊन रीबूटची वाट बघतायत का, कारण असतील तर तुमचं पाच मिनिटांचं शटडाऊन किती लांबेल ते सांगता येत नाही.

बॅकअप घ्या, आणि तो बॅकअप उघडतो का तेही एकदा बघा. बॅकअपचं ठरलेलं काम नेमकं तुमच्या वेळेत सुरू होणार नाही ना, तेही.

अजून एक, जे आपोआप सगळं परत उठवतात त्यांना आधी शांत करा. प्रॉक्समॉक्स ह्या हायपरव्हायजरमध्ये एचएखाली, म्हणजे पडल्यावर आपोआप उठवायच्या सोयीखाली, असलेला व्हीएम तुम्ही आतून शटडाऊन केलात तर एचए मॅनेजरला वाटतं हा पडला, आणि तो त्याला परत चालू करतो, म्हणून तिथे शटडाऊन वेब स्क्रीनवरूनच द्यायचं किंवा एचएमध्ये त्याची अवस्था स्टॉप्ड करायची. क्लाउडमध्ये ऑटोस्केलिंग ग्रुपमधला सर्व्हर बंद केला की ग्रुप त्याला आजारी समजून काढून टाकतो आणि नवा उभा करतो, तर आधी तो ग्रुप थांबवा. मॉनिटरिंगचे अलर्ट मेंटेनन्सवर टाका, पण मॉनिटरिंग स्वतः बंद करू नका, ते सगळ्यात शेवटी जाणाऱ्यांत आणि सगळ्यात आधी येणाऱ्यांत ठेवा, कारण काय बंद झालं आणि काय नाही हे तेच दाखवणार आहे.

बंद करताना

सुरुवात माणसांपासून आणि बाहेरून येणाऱ्या ट्रॅफिकपासून करायची, व्हीएमपासून नाही. ट्रॅफिक सर्व्हरांत वाटणाऱ्या लोड बॅलन्सरवर मेंटेनन्सचं पान लावा, मागचे सर्व्हर ड्रेनवर टाका म्हणजे नवीन रिक्वेस्ट येणं थांबतं आणि चालू असलेल्या पूर्ण होतात. मग क्रॉन आणि शेड्यूल्ड कामं थांबवा. मग क्यूमधून काम उचलणारे वर्कर, पण त्यांच्या हातातलं काम संपू द्या. क्यू रिकामी होईपर्यंत थांबायचं की मेसेज डिस्कवर राहू द्यायचे हे आधी ठरवून ठेवा, मेसेज पर्सिस्टंट नसतील तर रिकामी होईपर्यंत थांबण्याला पर्याय नाही.

त्यानंतर वेब, मग ॲप, आणि ॲपचे सगळे व्हीएम बंद झाले की डेटाबेसवर जाऊन बघा की एकही कनेक्शन शिल्लक नाही. हे फार उपयोगी पडतं, शिल्लक कनेक्शन दिसलं म्हणजे तुमच्या अवलंबनांच्या नकाशातून काहीतरी सुटलंय, आणि कोण आहे ते तिथेच आयपीवरून कळतं. ते शोधा, नकाशात टाका, मगच पुढे जा.

डेटाबेस व्हीएमच्या शटडाऊनवर सोडू नका, आधी आत जाऊन डेटाबेसची सर्व्हिस हातानं बंद करा, नीट बंद झाल्याचं लॉगमध्ये वाचा, आणि मग व्हीएम बंद करा. पोस्टग्रेसमध्ये बंद करायचे तीन मोड आहेत. स्मार्ट मोड सगळे क्लायंट आपणहून जाईपर्यंत थांबतो, म्हणजे एखादं विसरलेलं कनेक्शन असलं की थांबूनच राहतो. फास्ट मोड चालू ट्रान्झॅक्शन रोलबॅक करून नीट बंद करतो, आपल्याला तोच हवा असतो आणि ९.५ पासून बंद-चालू करायच्या पीजी-सीटीएल कमांडचा डीफॉल्टही तोच आहे. इमिजिएट मोड म्हणजे जवळपास वीज गेल्यासारखंच, पुढच्या स्टार्टला रिकव्हरी होणार. बंद करायच्या थोडं आधी हातानं एक चेकपॉइंट दिला, म्हणजे मेमरीतले बदल डिस्कवर उतरवले, तर बंद व्हायला लागणारा वेळ बराच कमी होतो. मायएसक्यूएलमध्ये इनोडीबी फास्ट शटडाऊन ह्या सेटिंगची किंमत २ असेल तर तेही क्रॅशसारखंच बंद होतं, डीफॉल्ट १ आहे, तेवढं तपासून घ्या.

डेटाबेसचं किंवा क्यूचं क्लस्टर असेल तर कोणता नोड (गटातला सर्व्हर) शेवटी बंद झाला हे लिहून ठेवा, खरंच लिहून ठेवा. मायएसक्यूएलच्या गलेरा क्लस्टरमध्ये शेवटी गेलेल्या नोडकडे सगळ्यात ताजा डेटा असतो आणि तोच पहिला उठवायचा असतो, ग्रास्टेट फाईलमध्ये सेफ-टू-बूटस्ट्रॅपपुढे १ असलेला तो. दुसराच नोड जबरदस्तीनं पहिला उठवला तर शेवटी झालेले बदल गमवायची वेळ येऊ शकते. रॅबिटएमक्यू ह्या मेसेज क्यूतही तसंच, शेवटी गेलेला आधी आणायचा, आधी गेलेला नोड आधी उठवला तर तो बाकीच्यांची वाट बघत राहतो, डीफॉल्टला ३० सेकंदांचे १० प्रयत्न, आणि मग हार मानतो. इलॅस्टिकसर्च ह्या शोधाच्या सर्व्हरला बंद करायच्या आधी शार्ड ॲलोकेशन (डेटाचे तुकडे नोडवर वाटणं) थांबवा नाहीतर एकेक नोड जाताना बाकीचे शार्ड इकडून तिकडे हलवायला लागतात.

डेटाबेसनंतर फाईल सर्व्हर. एनएफएसचा, म्हणजे नेटवर्कवरून फोल्डर देणारा, सर्व्हर क्लायंटच्या आधी कधीच बंद करायचा नाही. सर्व्हर परत येईपर्यंत वाट बघणारं हार्ड माउंट असेल तर क्लायंटवरच्या प्रोसेस अडकून बसतात आणि त्या व्हीएमचं शटडाऊनही लटकतं. सगळ्यात शेवटी डोमेन कंट्रोलर आणि डीएनएस, मग व्हीसेंटर, मग होस्ट, मग स्टोरेज, मग स्विच. होस्टांच्याच डिस्कवर उभं केलेलं व्हीसॅन स्टोरेज असेल तर होस्ट बंद करायची वेगळी पद्धत आहे, ७.० अपडेट ३ पासून त्याला क्लस्टर शटडाऊनचा विझार्ड मिळतो, तोच वापरा.

शटडाऊन, पॉवर ऑफ आणि सेव्ह हे एकच समजू नका

गेस्ट शटडाऊन म्हणजे आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमला सांगणं की बाई आता आवर, आणि त्यासाठी आत व्हीएमवेअर टूल्स किंवा क्यूईएमयू गेस्ट एजंट किंवा मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीच्या इंटिग्रेशन सर्व्हिस चालू असायला लागतात, निदान एसीपीआयचा (पॉवर बटण दाबल्याचा) सिग्नल ऐकला जायला लागतो. पॉवर ऑफ म्हणजे वायर उपटणं. लिनक्सवर व्हीएम चालवणाऱ्या लिबव्हर्टमध्ये ह्याच वायर उपटण्याला डिस्ट्रॉय असं नाव आहे, त्यानं डिस्क डिलीट होत नाही पण डेटाबेस चालू असताना द्यायची ती कमांड नव्हे.

तिसरा प्रकार सेव्ह किंवा सस्पेंड, मेमरी जशीच्या तशी डिस्कवर. एकट्या डेस्कटॉप व्हीएमला हे सोयीचं आहे, एकमेकांवर अवलंबून असलेल्या गटाला नाही. दोन तासांनी ॲप उठतं तेव्हा त्याला वाटतं डेटाबेसचं कनेक्शन अजून उघडंच आहे, घड्याळ मागे असतं, लॉक कधीच संपलेले असतात, आणि सगळे व्हीएम वेगवेगळ्या क्षणी गोठलेले असतात. हायपर-व्हीमध्ये होस्ट बंद करताना व्हीएमचं काय करायचं ह्याचा डीफॉल्ट सेव्हच आहे, तेव्हा डेटाबेस आणि डोमेन कंट्रोलरसाठी तो बदलून शटडाऊन करून घ्या.

स्नॅपशॉटलाही, म्हणजे व्हीएमच्या त्या क्षणाच्या नोंदीलाही, हेच लागू. चालू गटातल्या एकेकाचा स्नॅपशॉट घेतला तर ॲप दहा वाजताचं आणि डेटाबेस दहा वाजून चार मिनिटांचा, परत जायची वेळ आली तर दोघांचा मेळ बसत नाही. सगळे बंद झाले की मग एकदम सगळ्यांचे स्नॅपशॉट घ्या आणि मागे न्यायचे तर सगळे एकदम न्या. डोमेन कंट्रोलर मात्र ह्यातून वगळा. एकाहून जास्त डोमेन कंट्रोलर असताना एकालाच जुन्या स्नॅपशॉटवर नेणं म्हणजे रेप्लिकेशनचा (एकमेकांशी डेटा जुळता ठेवण्याचा) घोळ ओढवून घेणं, विंडोज सर्व्हर २०१२ पासून व्हीएम मागे नेल्याचं कळवणाऱ्या व्हीएम जनरेशन आयडीमुळे त्याला थोडं संरक्षण आहे पण त्यावर विसंबू नये.

टाइमआउटचा हिशोब

हा भाग बरेच जण बघतच नाहीत. लिनक्सवर सर्व्हिस सांभाळणारं सिस्टिमडी एखाद्या सर्व्हिसला बंद व्हायला डीफॉल्टला ९० सेकंद देतं आणि मग मारून टाकतं. त्याच्या बाहेर हायपरव्हायजरचं घड्याळ, प्रॉक्समॉक्समध्ये व्हीएमला डीफॉल्ट १८० सेकंद, ईएसएक्सआयच्या ऑटोस्टार्टमध्ये १२०. आणि त्याच्याही बाहेर यूपीएसची बॅटरी. मोठ्या बफर पूलच्या (मेमरीत खूप डेटा धरणाऱ्या) डेटाबेसला बंद व्हायला चार मिनिटं लागत असतील आणि बाहेरचं घड्याळ दोन मिनिटांवर लावलेलं असेल तर तुम्ही कितीही प्रेमानं शटडाऊन दाबा, शेवटी त्याची वायरच उपटली जाणार.

तेव्हा एकदा मोजा. प्रत्येक व्हीएमला बंद व्हायला खरोखर किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा, त्याच्या दुप्पट सर्व्हिसचा टाइमआउट ठेवा, हायपरव्हायजरचा त्याहून मोठा ठेवा, आणि मग सगळ्या थरांची बेरीज करून ती यूपीएसच्या बॅटरीत बसते का ते बघा. बसत नसेल तर एका थरातले व्हीएम एकदम बंद करायला लावा, थर मात्र एकामागून एकच. आणि यूपीएसचा सिग्नल नेटवर्कवरून येत असेल तर मधला स्विचही त्याच यूपीएसवर पाहिजे. वीज गेल्यावर स्विच पहिल्या सेकंदाला मेला तर होस्टला कळणारच नाही की बंद व्हायचंय.

चालू करताना

आधी स्विच, मग स्टोरेज, आणि स्टोरेज पूर्ण उठेपर्यंत थांबा, मगच होस्ट. होस्ट स्टोरेजच्या आधी उठला तर डेटास्टोअर, म्हणजे व्हीएमच्या फायलींची जागा, सापडत नाही आणि व्हीएम इनॲक्सेसिबल म्हणून दिसतात, घाबरू नका आणि त्यांना यादीतून काढून टाकू तर अजिबात नका, स्टोरेज रीस्कॅन केलं की बहुतेक वेळा ते परत येतात. प्रॉक्समॉक्सचं क्लस्टर असेल तर बहुमत होईपर्यंत व्हीएम चालू होणार नाहीत, तीन नोडमध्ये दोन उठायला हवेत. कॉन्फिग साठवणाऱ्या एटसीडीच्या क्लस्टरचंही तसंच, तीनपैकी दोन.

मग वेळ. होस्टचं घड्याळ बरोबर आहे का ते बघा, बाकी काही करायच्या आधी. केर्बरॉसला, म्हणजे डोमेनच्या लॉगिनच्या पद्धतीला, डीफॉल्टला ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही, म्हणजे घड्याळ चुकलं की पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होणार नाही आणि तुम्ही तासभर पासवर्डच तपासत बसाल.

मग पहिला डोमेन कंट्रोलर. एकटा उठताना त्याला वेळ लागू शकतो, तो रेप्लिकेशनच्या जोडीदाराला शोधत असतो, डीएनएससाठी फक्त दुसऱ्याकडे बोट दाखवत असेल तर अजूनच जास्त. त्याला वेळ द्या, मध्येच रीसेट मारू नका. उठला की बाहेरच्या एखाद्या मशीनवरून त्याला नाव विचारून बघा, उत्तर आलं की मग दुसरा डोमेन कंट्रोलर. हे पूर्ण होण्याआधी बाकीचे विंडोज सर्व्हर चालू केले तर त्यांना डोमेन सापडत नाही, ते नेटवर्कला पब्लिक समजतात आणि त्या प्रोफाइलची फायरवॉल लागते, मग सर्व्हर चालू, पिंग बंद, आणि कारण कोणालाच सुचत नाही.

पुढे फाईल सर्व्हर, सीक्रेट सर्व्हर, डेटाबेस, क्यू, ॲप, वर्कर, वेब आणि शेवटी लोड बॅलन्सर, ह्याच क्रमानं. पण प्रत्येक ठिकाणी तयार आहे का हे कसं तपासायचं ते आधीच लिहून ठेवलेलं पाहिजे. पिंगला उत्तर येणं म्हणजे काहीच नाही, पिंगला नुसता कर्नल उत्तर देतो. पोर्ट उघडा असणं थोडं बरं, पण रिकव्हरी चालू असलेला डेटाबेससुद्धा पोर्ट उघडून बसतो आणि कनेक्शन नाकारत राहतो. पोस्टग्रेसला पीजी-इजरेडी ही कमांड आहे, तेही चांगलं, पण सगळ्यात खरी परीक्षा म्हणजे ॲपच्याच युजरनं लॉगिन करून खऱ्या टेबलमधून एक ओळ वाचणं आणि एक ओळ लिहून बघणं. फाईल शेअरसाठी क्लायंटवर जाऊन माउंट खरंच लागलाय ना ते बघा, फोल्डर दिसतो म्हणजे माउंट झालाय असं नाही, तो मघाशी सांगितलेला रिकामा फोल्डर इथेच फसवतो. ॲपच्या सिस्टिमडी युनिट फाईलमध्ये (सर्व्हिसच्या सेटिंगच्या फाईलमध्ये) रिक्वायर्स-माउंट्स-फॉर लिहिलंत तर माउंट नसताना ॲप सुरूच होणार नाही, आणि चुकीच्या जागी लिहिण्यापेक्षा ते सुरू न होणं कधीही चांगलं. आफ्टर आणि रिक्वायर्स ह्या दोन्हीत गल्लत करू नका, आफ्टर फक्त क्रम सांगतो, दुसरी सर्व्हिस लागतेच असं तो म्हणत नाही.

वरचे थर उघडताना घाई नको. सगळे ॲप सर्व्हर एकदम सोडले तर प्रत्येकजण आपला पूर्ण कनेक्शन पूल एकाच क्षणी मागतो, डेटाबेसचा कॅश अजून थंड असतो, आणि नुकताच उठलेला डेटाबेस परत गुदमरतो. एक ॲप सर्व्हर चालू करा, लॉग बघा, मग दुसरा. लोड बॅलन्सरवरही थोडं थोडं ट्रॅफिक सोडा. २०२१ च्या त्या प्रकरणात फेसबुकनंही सेवा एकदम परत सुरू केल्या नव्हत्या, वापर एकदम उसळला तर विजेपासून कॅशपर्यंत सगळ्यालाच धोका होता.

ऑटोस्टार्टवर किती विसंबायचं

लावा जरूर, पण त्याच्या मर्यादा माहीत असू द्या. ईएसएक्सआयवर क्रम आणि मधलं अंतर देता येतं, अंतर डीफॉल्टला १२० सेकंद, पण होस्ट एचए क्लस्टरमध्ये गेला की हे ऑटोस्टार्ट बंदच होतं, तिथे एचएची रीस्टार्ट प्रायोरिटी आणि ६.५ पासून आलेले व्हीएम-व्हीएम अवलंबनाचे नियम वापरायचे. प्रॉक्समॉक्समध्ये ऑर्डरचा लहान नंबर आधी चालू होतो आणि बंद होताना उलटा क्रम, पण हा क्रम एकाच होस्टपुरता असतो, अख्ख्या क्लस्टरला लागू होत नाही, नंबर न दिलेले व्हीएम सगळ्यांच्या नंतर येतात आणि एचएखालचे व्हीएम हा क्रम मानतच नाहीत. म्हणजे डेटाबेस एका होस्टवर आणि ॲप दुसऱ्यावर असेल तर ऑर्डरचे नंबर कितीही सुंदर दिले तरी उपयोग शून्य.

आणि सेकंदांचं अंतर हा शेवटी अंदाजच. रोज १२० सेकंदांत उठणारा डेटाबेस वीज गेल्यानंतर रिकव्हरी करत वीस मिनिटं घेऊ शकतो. म्हणून डीएनएस, डोमेन कंट्रोलर आणि स्टोरेजपर्यंतचं ऑटोस्टार्टवर ठेवा, त्याच्या वरचं स्क्रिप्टनं करा, जी स्क्रिप्ट दर पावलाला मघाच्या त्या तयारीच्या परीक्षा चालवते, पास झाली तरच पुढे जाते, आणि ठरलेल्या वेळात पास झाली नाही तर थांबून माणसाला हाक मारते. ॲप्सनाही डेटाबेस नसेल तर मरून न पडता थांबून थांबून परत प्रयत्न करायला शिकवता आलं तर फारच चांगलं, दोन प्रयत्नांतलं अंतर दर वेळी वाढवत. पण सगळी ॲप्स आपल्या हातातली नसतात.

क्लाउडवर असाल तर अजून थोडं. एडब्ल्यूएसवर इन्स्टन्स (तिथला व्हीएम) स्टॉप करून स्टार्ट केला की इलॅस्टिक आयपी (आपल्यासाठी राखलेला पत्ता) नसेल तर पब्लिक आयपी बदलतो, आणि इन्स्टन्स स्टोअर ह्या तात्पुरत्या डिस्कवरचा डेटा स्टॉपला जातो, नुसत्या रीबूटला नाही. अझ्युरवर आतून शटडाऊन केलेला व्हीएम स्टॉप्ड दिसतो पण डीॲलोकेट होत नाही, म्हणजे घेतलेली जागा सोडत नाही, आणि पैसे लागत राहतात, पोर्टलवरून स्टॉप करा.

सगळं उठल्यावर

एक पूर्ण व्यवहार टोकापासून टोकापर्यंत करून बघा, म्हणजे लॉगिन, काहीतरी सेव्ह करणं, फाईल अपलोड, मेल जातोय का, क्यूतला मेसेज वर्करनं उचलला का. रेप्लिकेशन मागे नाही ना ते बघा. मग जे जे तात्पुरतं बंद केलं होतं ते एकेक परत चालू करा आणि यादीवर खूण करत जा, डीआरएस, एचए, इलॅस्टिकसर्चचं शार्ड ॲलोकेशन, ऑटोस्केलिंग, क्रॉन, अलर्ट. ह्यातलं शार्ड ॲलोकेशन आणि अलर्ट सगळ्यात जास्त विसरले जातात. बंद असताना जी शेड्यूल्ड कामं चुकली ती हातानं चालवायची का ते त्या त्या कामाच्या मालकाला विचारा, काही कामं दोनदा चालली तर जास्त नुकसान होतं. स्नॅपशॉट एक-दोन दिवसांत काढून टाका, ते वाढत जातात आणि डेटास्टोअर भरलं की त्याच्यावरचे व्हीएम थांबतात. आणि वाटेत जे सुटलेलं कनेक्शन सापडलं, ज्या व्हीएमला अंदाजापेक्षा जास्त वेळ लागला, ते त्याच दिवशी नकाशात आणि रनबुकमध्ये लिहा, आणि रनबुकची नवी प्रत छापून जुनी फाडून टाका.